प्रार्थनेत घेतलेलं नाव

बुधवारच्या प्रार्थनेला विमलाबाईंच्या घरी गेलं की आधी चहा, मग दोन गीतं, मग शास्त्रवाचन आणि शेवटी विनंत्या. ज्याला ज्या गोष्टीसाठी प्रार्थना हवी त्यानं ती मोठ्यानं सांगायची आणि बाकीच्यांनी डोळे मिटायच्या आधी ध्यानात ठेवायची. रीत चांगलीच आहे, पण शेवटी माणसं ती माणसंच. कुणाची विनंती जड, कुणाची हलकी, हे कुणी बोलत नसलं तरी सगळ्यांना कळतं. विमलाबाईंच्या जावयाचा व्हिसा अडला होता, हर्षालीच्या सासूच्या किडन्या गेल्या होत्या, आणि प्रतिभाचे होते गुडघे. तीन वर्षं नुसते गुडघेच. तिनं तोंड उघडायच्या आत माना पुढच्या बाईकडे वळलेल्या असायच्या.

प्रतिभा साळवे सातपूरच्या कॉलनीत राहायची. एकतीस वर्षं बालवाडीची बाई म्हणून काढलेली, नवरा ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झाला आणि दोन वर्षांत गेला. एकुलता एक कुंदन पुण्याला ट्रेनिंगला आहे, असं चर्चच्या मंडळीत सगळ्यांना माहीत होतं. बाई वाईट नव्हती, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढं ते सांगायला जागा मिळेल असं वाटत नाही.

त्या बुधवारी तिची पाळी आली तेव्हा ती गुडघेच म्हणणार होती. पण बाहेर पडलं भलतंच.

"माझी एक मैत्रीण आहे, सुलाबाई. बाजारात फुलं घेऊन बसते ती. आपल्या वेदीवरची फुलं तिच्याकडचीच असतात. तिच्यासाठी प्रार्थना करू या. तिचा मुलगा तिच्यावर हात उचलतो."

 कुणीतरी "अगं बाई!" म्हणालं. विमलाबाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. हर्षालीनं हातातलं बिस्कीट बशीत ठेवलं. तीन वर्षांत पहिल्यांदा सगळ्या बायका प्रतिभाच्या तोंडाकडे बघत होत्या.

"मुलाचं नाव काय?" विमलाबाईंनी विचारलं.

"बंटी."

"दारू पितो?"

"तसं नाही, पण..." प्रतिभा म्हणाली आणि त्या 'पण'च्या पुढं काहीच न बोलता नुसती मान हलवली. न बोलून तिनं जे सांगितलं ते बोलून सांगितलं असतं तर निदान खोटं तरी ठरलं असतं.

खरं काय होतं? खरं असं की आदल्या शनिवारी ती नेहमीप्रमाणे फुलं आणायला गेली, तेव्हा सुलाबाईचं मनगट सुजलेलं होतं. "मळ्यात पडले," सुलाबाई शेजारच्या फुलवालीला, ठमाबाईला, सांगत होती. ठमाबाई पाणी आणायला नळावर गेली तशी तिनं आवाज खाली केला. "तुला काय खोटं सांगू बाई. बंट्यानं ढकलून दिलं. जमिनीच्या तुकड्यावरून बोलाचाली झाली, त्याचं डोकं फिरलं. रातभर माझ्या पायाशी बसून रडत व्हता. याआधी कधी नाय केलं त्यानं असं. कुणाला बोलू नको. तू म्हणून सांगितलं."

"वेडी का काय," प्रतिभा म्हणाली होती. "मी कुणाला सांगणार?"

एकोणीस वर्षांची ओळख होती. शनिवारी दुपारी प्रतिभा यायची, गोणपाटावर टेकायची, वेदीसाठी शेवंती आणि निशिगंध बांधून होईपर्यंत दोघींच्या गप्पा चालायच्या. सुलाबाई गोवर्धनच्या शिवारातली, फुलशेतीवाली. अंगठा उठवणारी बाई, पण बाजारातल्या फुलवाल्यांच्या सगळ्या ओळीत कुणाचं भांडण झालं की निवाडा तिच्याकडे यायचा. तिचा शब्द ओळीत कुणी मोडत नसे.

असा हा शनिवार, आणि मधे फक्त तीन दिवस गेले होते. एकदा घडलेलं प्रतिभानं रोजचं करून टाकलं आणि नाव-गाव-पत्ता देऊन मोकळी झाली. त्या दिवशी प्रार्थना लांबली. विमलाबाईंचा गळा भरून आला. निघताना दोघी-तिघींनी प्रतिभाचा हात धरून "किती ओझं वाहतेस गं" असं म्हटलं. घरी चालत जाताना तिचे गुडघे दुखले नाहीत. मन भरल्यासारखं झालं होतं. ते भरलेपण कशाचं होतं, हे तिनं त्या रात्री स्वतःला विचारलं नाही.

हर्षालीनं तासाभरात मंडळीच्या ग्रुपवर टाकलं: 'आपली फुलवाली भगिनी सुलाबाई व तिचा मुलगा बंटी यांच्यासाठी प्रार्थना साखळी. घरात मारहाण. कृपया पुढे पाठवा.' खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. प्रतिभानं ते दोनदा वाचलं, आणि तिनंही दोन हात जोडून ठेवले.

शनिवारी ती बाजारात गेली तेव्हा ओळीतल्या बायका बोलायच्या थांबल्या.

सुलाबाई जागेवर होती. गोणपाटावरची प्रतिभाची नेहमीची जागा होती तिथं झेंडूची पाटी ठेवलेली.

"बोला बाई. काय देऊ तुम्हाला?" सुलाबाई म्हणाली.

एकोणीस वर्षांत तिनं प्रतिभाला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. ओळख नव्हती तेव्हाही नाही.

"सुला, काय झालं?"

सुलाबाईनं शेवंती बांधायला घेतली. उत्तर ठमाबाईनं दिलं, आणि सगळ्या ओळीला ऐकू जाईल असं दिलं. "काय झालं म्हंजे? तुमच्या चर्चच्या तीन बाया आल्या व्हत्या काल. केळी न् सफरचंदं घेऊन. एक चष्मेवाली, तिनं सगळ्यांदेखत सुलाबाईचा हात धरला. म्हणती, पोरगा मारतो ना तुम्हाला? आम्ही तुमच्यापायी उपास धरलाय. लगेच डोळे मिटून चालू! भर बाजारात! गिऱ्हाइकं उभी राहून बघाया लागली. तेवढ्यात बंट्या टेम्पो घेऊन आला. मग काय, आम्ही सगळ्यांनीच त्याला धरला. लय बोललो. मला तवा काय ठावं, एकदाच झालं म्हणून? तुमच्या बाया म्हणल्या, रोजचंच हाय."

"मग?" प्रतिभानं विचारलं.

"मग काय. गेला तसाच, टेम्पो इथंच टाकून. सायखेड्याला मामाकडं हाय म्हणं. फोन उचलत नाय आईचा."

सुलाबाई या सगळ्यात शेवंती बांधत होती. जुडी बांधली, कागदात गुंडाळली, पुढं केली. तिचं मनगट आता बरं झालेलं दिसत होतं. ओळीतली एक कालची पोर तिच्याकडे कीव आल्यासारखी बघत होती, आणि ज्या बाईकडे भांडणं मिटवायला माणसं यायची ती मान वर करत नव्हती. प्रतिभाला सॉरी म्हणायचं होतं.  पण मागे गिऱ्हाईक उभं राहिलं आणि ती जुडी घेऊन निघाली.

आता लाजेची खरी गोष्ट इथून पुढं आहे. रिक्षात बसल्यावर प्रतिभाच्या मनात पहिला विचार सुलाबाईचा आला नाही, बंटीचाही आला नाही. पहिला विचार आला तो असा की आता ही कुंदनचं सांगेल.

कारण कुंदन पुण्याला नव्हता. सातपूरच्या वर्कशॉपमधली नोकरी दारूपायी गेली होती आणि चार महिन्यांपासून तो दिंडोरी रोडच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात होता. ही गोष्ट जगात एकाच बाहेरच्या माणसाला माहीत होती. पहिल्या दिवशी त्याला भरती करायला प्रतिभा एकटी जाऊ शकली नव्हती. तेव्हा सुलाबाई दिवसाची फुलं ठमाबाईच्या हवाली करून तिच्याबरोबर गेली होती. त्यानंतरही मंगळवारी भेटायला जाताना ती भाकरी आणि ठेचा बांधून आणायची. "पुण्याला काय शिकतो गं पोरगा?" असं ओळीत कुणी विचारलं की सुलाबाईच ठोकून द्यायची, "मशीनचं काहीतरी, आपल्याला काय कळतंय." प्रतिभा समोर बसलेली असायची आणि तिला हसू यायचं.

आणि चार महिने, दर बुधवारी, विनंत्यांची पाळी आली की प्रतिभा गुडघे सांगत आली होती. स्वतःच्या पोराचं नाव तिनं एकदाही प्रार्थनेत घेतलं नव्हतं, कारण चारचौघांत मान खाली जाईल. दुसरीच्या पोराचं नाव घेताना मात्र तिला अर्धं मिनिटही लागलं नव्हतं. हे तिच्या ध्यानात रिक्षात आलं, आणि मांडीवरच्या फुलांकडे बघवेना.

त्यात दुसऱ्या दिवशी महिला रविवार होता. वर्षातून त्या एका रविवारी सगळी उपासना बायका चालवतात, आणि संदेश द्यायचा मान या वर्षी प्रतिभाकडे होता. पाळकसाहेबांनी विषय दिलेला: पवित्र शास्त्रातली मैत्री. देव कधीकधी असा विषय देतो की त्याला थट्टा म्हणावं की शिक्षा, कळत नाही.

टिपणं तयार होती. दावीद आणि योनाथान, रूथ आणि नामी, छप्पर उचकटून आपल्या पांगळ्या मित्राला येशूपुढं खाली सोडणारे ते चौघं. संध्याकाळी ती पुन्हा वाचायला बसली आणि प्रत्येक पानावर तिला कुणीतरी कान धरून उभं करू लागलं. योनाथानाला दाविदाची लपायची जागा माहीत होती, आणि विचारणारा, दाविदाच्या जिवावर उठलेला, त्याचा सख्खा बाप होता, तरी त्यानं तोंड उघडलं नाही. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याबरोबर जमिनीवर गप्प बसले तोवर सगळं ठीक होतं. बोलायला लागले आणि देवाचा राग ओढवून घेतला. येशूनं शिष्यांना मित्र म्हटलं ते का, तर बापाकडून ऐकलेलं सगळं त्यांना विश्वासानं सांगितलं म्हणून. आणि बागेत चुंबन घेऊन पकडून द्यायला आला त्या यहूदालाही त्यानं मित्र म्हणूनच हाक मारली. ही शेवटची ओळ प्रतिभानं आयुष्यभर ऐकली होती. त्या संध्याकाळी ती वाचून तिनं शास्त्र मिटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासत उभी राहिली.

रविवारी ती पांढरी साडी नेसून उभी राहिली. वेदीवर सुलाबाईची शेवंती होती. टिपणांचा कागद तिनं उघडला आणि पुन्हा घडी करून टाकला.

"मला मैत्रीवर बोलायचा अधिकार नाही," ती म्हणाली. "एका मैत्रिणीनं मला विश्वासानं एक गोष्ट सांगितली. ती मी प्रार्थनेचं नाव करून चारचौघींत सांगितली. मला दुःख झालं म्हणून नाही, तर तुम्ही सगळ्या माझ्याकडे बघाल म्हणून. शिवाय वाढवून सांगितली." विमलाबाईंची मान खाली गेली. आता प्रतिभाला थांबता येईना. "आणि तिच्याजवळ माझीही एक गोष्ट आहे. ती तिनं कुणाला सांगितली नाही. म्हणून मीच सांगते. माझा कुंदन पुण्याला नाही. तो दारू सोडवायच्या केंद्रात आहे. चार महिने मी तुमच्याशी खोटं बोलले."

 बायका रडायला लागल्या. उपासना संपल्यावर तिला मिठ्या मारायला रांग लागली. पाळकसाहेब म्हणाले, असा संदेश त्यांनी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. हर्षालीनं डोळे पुसत विचारलं, "कुंदनदादाचं ग्रुपवर टाकू ना, ताई?" आणि प्रतिभा, हलकी हलकी झालेली, म्हणाली, "टाक गं. आता काय लपवायचंय." केंद्राचं नावही तिनं सांगून टाकलं.

तिथून ती थेट बाजारात गेली. वाटेत तिला वाटत होतं, आता सुलासमोर उभं राहता येईल. दोघींचं सारखं झालं.

दुपारची वेळ, गिऱ्हाईक तुरळक. ठमाबाई जेवायला गेली होती. सुलाबाई गजरे ओवत होती. प्रतिभा झेंडूची पाटी बाजूला सारून गोणपाटावर बसली.

"सुला, माझं चुकलं. माफ कर म्हणायलाही तोंड नाही मला."

सुलाबाईची सुई चालूच राहिली.

"बंटी आला का?"

"नाय."

"मी त्याच्याकडे जाते. सायखेड्याला जाऊन त्याचे पाय धरते. आणि ऐक, मी आज चर्चमध्ये उभं राहून सगळं कबूल केलं. कुंदनचंही सांगून टाकलं. केंद्र, दारू, सगळं. म्हटलं, तुझं उघड्यावर पडलं, तर माझंही पडू दे."

सुई थांबली. दोन दिवसांत पहिल्यांदा सुलाबाईनं तिच्याकडे सरळ पाहिलं. त्या नजरेत राग असता तर प्रतिभाला चाललं असतं.

"कुंदनला इचारलं व्हतं?"

"काय?"

"पोराला इचारलं व्हतं का, तुझं सांगू का म्हणून?"

"अगं, तो माझा मुलगा आहे..."

"बंट्या माझा हाय. मी तरी त्याला न इचारता तुला सांगितलं, ती माझी चूक. तिचं मी भोगतीये." सुलाबाईनं ओवलेला गजरा पाटीत ठेवला. "तू परवा एका पोराचं सांगितलं, आज दुसऱ्याचं. हलकं कुणाला वाटलं? तुलाच ना?"

 प्रतिभाच्या पर्समधला फोन एकसारखा थरथरत होता. तिनं काढून पाहिलं. ग्रुपवर कुंदनचं नाव होतं, केंद्राचं नाव होतं, खाली जोडलेल्या हातांची रांग. कुणीतरी लिहिलं होतं, मंगळवारी आपण सगळ्या भेटायला जाऊ.

"तिथं फोन कधी देत्यात?" सुलाबाईनं विचारलं.

"रविवारी, बारा ते एक."

"मग लाव. दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळायच्या आत लाव."

केंद्रातल्या माणसानं कुंदनला बोलावलं. बाजाराच्या गलक्यात ऐकू येईना म्हणून प्रतिभानं स्पीकर लावला आणि फोन दोघींच्या मधे धरला. 

"मम्मी, सलाम!" कुंदनचा आवाज खणखणीत होता. असा आवाज तिनं कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. "बरं झालं फोन केलास. ऐक ना, मी एक ठरवलंय. सहा महिने पुरे झाले की मी आपल्या चर्चमध्ये साक्ष देणार. स्वतः उभा राहून. पहिला पेला कुठं घेतला तिथपासून, तुझ्या बांगड्या विकल्या तेसुद्धा. इथले सर म्हणतात, आपलं आपण सांगितलं की माणूस पुन्हा उभा राहतो. लिहायलाही घेतलंय मी, सात पानं झालीत. तोवर कुणाला कळू देऊ नको हां. सुलामावशीला सांग फक्त, तिच्या पोटात राहतं."

सुलाबाईनं तोंड पलीकडे फिरवलं.

"कुंदन," प्रतिभा म्हणाली.  "मी आज सांगून टाकलं रे. चर्चमध्ये. सगळ्यांना."

 पलीकडून लांब कुठंतरी ताटं मांडल्याचा आवाज येत होता.

"कुंदन?"

"सगळं?"

"हो."

"बरं," तो म्हणाला. मघाचा आवाज कुठल्या कुठं गेला होता. "मग आता मी काय सांगू, मम्मी?"

  सुलाबाईनं ओल्या हातांनी प्रतिभाकडून फोन काढून घेतला, स्पीकर कुठं बंद होतो ते तिला विचारून बंद केला, आणि ओळीकडे पाठ करून बसली.

"कुंदन, सुलामावशी बोलतीये. जेवला का रं?"

मग ती खालच्या आवाजात पुष्कळ वेळ बोलत राहिली. ती काय म्हणाली ते प्रतिभाला हातभर अंतरावरून ऐकू आलं असतं. पण तिनं दोन्ही कानांवर पदर ओढून घेतला आणि मान खाली घालून बसली.